ऐच्छिक डिपेंडन्सी सक्तीची कशी झाली: एसएसएचडी आणि लिबएलझेडएमए यांचं प्रकरण

२९ मार्च २०२४, गुड फ्रायडेचा दिवस. आपल्याकडे रात्र झाली होती तेव्हा आंद्रेस फ्रॉइंड यांचा जाहीर संदेश आला: एक्सझेड युटिल्स या फाइली दाबणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी चोरदार (बॅकडोर) बसवलं आहे आणि ते एसएसएचडीपर्यंत, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करून देणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत, पोचतं. फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर. डेबियन या लिनक्सच्या सिड या अजून घडत असलेल्या आवृत्तीवर मोजमापं घेताना त्यांना दिसलं की एसएसएचडी विनाकारण सीपीयू खातोय. अस्तित्वात नसलेल्या नावाने लॉगिन करून पाहिलं. पूर्वी नकार यायला ०.२९९ सेकंद लागायचे, आता ०.८०७ लागत होते. या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते मुळाशी पोचले. पुढे या दोषाला सीव्हीई-२०२४-३०९४ हा क्रमांक आणि गंभीरतेचे दहापैकी दहा गुण मिळाले.

मी तेव्हा थोडे लिनक्स सर्व्हर सांभाळत होतो आणि आमच्या घरच्या वापराची काही डेब (डेबियनवर इन्स्टॉल करायची) पॅकेजं स्वतः बांधत होतो. बातमी वाचल्यावर पहिलं काम केलं ते एका डेबियन १२ मशीनवर एसएसएचडीच्या बायनरीवर एलडीडी (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी दाखवणारी कमांड) चालवण्याचं. डेबियनच्या या स्थिर (स्टेबल) आवृत्तीत एक्सझेड ५.४.१ होतं, म्हणजे मशीनला धोका नव्हता. पण यादीत एक्सझेडच्याच लिबएलझेडएमए या लायब्ररीची ओळ होती. ती ओळ मी बराच वेळ बघत राहिलो. लॉगिन करून देणाऱ्या प्रोग्रॅमला दाबून ठेवलेल्या फाइली उलगडणारी लायब्ररी कशाला लागते? एसएसएचमध्ये कॉम्प्रेशन आहे, पण ते झेडलिबचं. एलझेडएमएचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

हे प्रकरण बहुतेक ठिकाणी सांगितलं गेलं ते माणसांच्या अंगाने. लासे कॉलिन हे एकट्याने एक्सझेड सांभाळणारे मेंटेनर, त्यांच्यावर आलेला दबाव, ‘जिया टॅन’ या नावाने २०२१ पासून हळूहळू विश्वास कमावलेली व्यक्ती. ते सगळं खरं आहे आणि महत्त्वाचंही आहे. पण मला या प्रकरणात पॅकेज बांधणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट दिसते आणि ती फार कमी बोलली गेली. एसएसएचडी आणि लिबएलझेडएमए यांच्यामधली साखळी एकूण दोन कड्यांची होती, आणि त्या दोन्ही कड्या, म्हणजे डिपेंडन्सी (एका प्रोग्रॅमला लागणारं दुसरं सॉफ्टवेअर), ‘ऐच्छिक’ होत्या.

पहिली कडी बघू. एसएसएचडी ज्यातून येतो त्या ओपनएसएसएचच्या मूळ सोर्समध्ये तेव्हा सिस्टिमडीचं (लिनक्सवर सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं) नावही नव्हतं. डेबियन, फेडोरा आणि आणखी काही डिस्ट्रो (लिनक्सची वितरणं) स्वतःचा पॅच (मूळ कोडमधला छोटा बदल) लावत. त्या पॅचचं काम एवढंच की एसएसएचडी सुरू होऊन पोर्टवर ऐकायला लागला की सिस्टिमडीला ‘मी तयार आहे’ असं कळवायचं. हे कामाचं आहे, त्यात वाद नाही. प्रोसेस जन्माला आली म्हणजे सेवा तयार झाली असं नसतं. रीलोडनंतर ती पुन्हा उभी राहिली का, हेही नीट कळावं लागतं. त्यासाठी पॅचमध्ये एसडी-नोटिफाय हे एक फंक्शन बोलावलं होतं आणि ते लिबसिस्टिमडी या सिस्टिमडीच्या लायब्ररीत असल्यामुळे बायनरी तिच्याशी लिंक केली होती.

या फंक्शनचा स्वभाव बघा. नोटिफाय-सॉकेट नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलेलं असेल तर त्यात लिहिलेल्या पत्त्यावर ‘रेडी=१’ असा एक छोटा डेटाग्रॅम (संदेश) पाठवायचा. व्हेरिएबल नसेल तर काहीही न करता शून्य परत करायचं. सिस्टिमडी नसलेल्या कंटेनरमध्ये हाच एसएसएचडी चालवला तर तो गुपचूप पुढे जातो. म्हणजे सोय चालवताना पूर्णपणे ऐच्छिक. लायब्ररी मात्र प्रत्येक वेळी, प्रत्येक मशीनवर, लोड होणारच.

दुसरी कडी लिबसिस्टिमडी ते लिबएलझेडएमए. सिस्टिमडीचं जर्नल (लॉगची वही) नोंदी दाबून ठेवतं आणि त्या वाचण्याचं काम लिबसिस्टिमडीत आहे. सिस्टिमडी बांधताना एलझेडएमए (एक्सझेडची दाबण्याची पद्धत) हवं की नको हा बिल्डचा पर्याय आहे. नको म्हटलं तरी सिस्टिमडी बांधला जातो. २०२० च्या २४६ आवृत्तीत झेडस्टँडर्ड या दुसऱ्या कॉम्प्रेशन पद्धतीचा आधार आल्यावर तो जिथे चालू केलाय तिथे नव्या नोंदी त्याच पद्धतीने दाबल्या जातात. एलझेडएमए उरलं ते मुख्यतः जुन्या नोंदी वाचता याव्यात म्हणून. पण डिस्ट्रोची बायनरी एकच असते आणि ती लाखो लोकांना चालवायची असते. कोणाचं तरी जुनं जर्नल उघडलं नाही तर तक्रार पॅकेजरकडे येते. म्हणून सगळे पर्याय ‘हो’ करून बांधायचं, ही रीत. मी स्वतः हेच करत आलो आहे आणि त्यात निष्काळजीपणा होता असं मला आजही वाटत नाही. समोर येणारी तक्रार नेहमी ‘अमुक सोय नाही’ अशीच असते. ‘अमुक सोय मला नकोय, तरी आली’ अशी तक्रार घेऊन जवळपास कोणीच येत नाही.

आता दोन कड्या जोडा. एक डेटाग्रॅम पाठवायचा म्हणून लिबसिस्टिमडी आली आणि सुईमागून दोरा यावा तशी तिच्यामागून जुनी जर्नलं उलगडणारी लिबएलझेडएमए आली. तीही रूट म्हणून चालणाऱ्या, इंटरनेटवर उघड्या असणाऱ्या प्रोसेसमध्ये.

हे असंच असायला हवं होतं असंही नाही. सिस्टिमडीच्या सुरुवातीच्या वर्षांत एसडी-नोटिफायचा सोर्स वेगळा, सुटसुटीत होता. एक सी फाइल आणि एक हेडर, आपल्या प्रकल्पात जशीच्या तशी उचलून ठेवा असं सांगितलेलं. लायब्ररी म्हणून हवं असेल तर लिबसिस्टिमडी-डिमन ही स्वतंत्र छोटी लायब्ररी होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये २०९ व्या आवृत्तीत डिमन, जर्नल, लॉगिन आणि आयडी-१२८ या चारही लायब्रऱ्या एकत्र करून एकच लिबसिस्टिमडी केली गेली. कारण समजण्यासारखं होतं: त्या एकमेकींना वापरू लागल्या की चक्राकार डिपेंडन्सी तयार होण्याची भीती, शिवाय तोच कोड चार ठिकाणी. पण त्या दिवसापासून ‘मी तयार आहे’ एवढंच सांगू पाहणाऱ्याच्या गळ्यात जर्नलचा सगळा संसार पडला. नाकापेक्षा मोती जड झाला. दहा वर्षं कोणाला तो जाणवला नाही, कारण डिस्कवर लायब्ररी आधीच असायची आणि मेमरीचा फरक किरकोळ होता.

लिंक केलेली लायब्ररी ‘नुसती पडून’ असते हा समज इथे महागात पडला असता. बायनरीत ‘नीडेड’ म्हणून नोंदलेली प्रत्येक लायब्ररी, आणि त्या लायब्ररीला लागणाऱ्या पुढच्या लायब्रऱ्या, डायनॅमिक लोडर प्रोग्रॅमच्या मेन फंक्शनची पहिली ओळ चालण्याआधी मेमरीत आणतो. त्याच वेळी ‘आयफंक’ नावाच्या सोयीखाली लायब्ररीतला थोडा कोड चालूही होतो. हेतू चांगला असतो: सीपीयू कोणता आहे ते बघून एखाद्या फंक्शनची सर्वांत वेगवान आवृत्ती निवडणं. हल्लेखोराने सीआरसी (डेटा बिघडला नाही ना हे तपासणारा आकडा) मोजणाऱ्या फंक्शनांसाठी असलेला हाच रस्ता वापरला. एसएसएचडीने लिबएलझेडएमएतलं एकही फंक्शन कधी बोलावलं नाही. तरीही तिचा कोड एसएसएचडीच्या पोटात, सर्वांत आधी चालला आणि आरएसए सही तपासणाऱ्या ओपनएसएसएलच्या फंक्शनची जागा त्याने बळकावली.

याच लायब्ररीच्या याच आवृत्त्या आर्च लिनक्सनेही दिल्या होत्या. पण आर्चने ओपनएसएसएचला तो पॅच लावला नव्हता. त्यांच्या एसएसएचडीच्या यादीत लिबएलझेडएमए नव्हतीच, त्यामुळे ओळखीचा तो हल्ला तिथे पोचणार नव्हता. जेंटूतही एसएसएचडीला ही जोड नव्हती. चोरदाराची बिल्ड स्क्रिप्टही हे ओळखून लिहिलेली होती. एक्स८६-६४ लिनक्स आहे का आणि डेब किंवा आरपीएम बांधलं जातंय का, हे तपासूनच ती कामाला लागायची. पॅकेजिंगच्या निर्णयांमुळे कुठे वाट उघडी आहे, हे हल्लेखोराने आमच्यापेक्षा बारकाईने वाचलेलं होतं. डेबियन टेस्टिंग आणि सिड, फेडोरा रॉहाइड, ओपनसूझे टम्बलवीड, काली: सगळी पुढे धावणारी रिपॉझिटरी. स्थिर आवृत्त्यांपर्यंत ते पोचायच्या आत पकडलं गेलं. डेबियनने घाईने जे पॅकेज सोडलं त्याच्या आवृत्तीचं नाव ‘५.६.१+रिअली५.४.५-१’ असं होतं. आकडा मागे नेता येत नाही, म्हणून नावातच लिहायचं की आत खरं तर जुनं आहे.

आपल्या धंद्यात ‘ऐच्छिक’ हा एकच शब्द किती वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, त्यावर इथे थोडं बोलायला हवं. पायथनमध्ये ‘एक्स्ट्रा’ चौकटी कंसात मागितल्याशिवाय येत नाही. जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये ऑप्शनल डिपेंडन्सी न मागता येते, फक्त ती बसली नाही तर इन्स्टॉल अडत नाही. डेबियनमध्ये ‘रेकमेंड्स’ आणि ‘सजेस्ट्स’ अशा दोन पायऱ्या आहेत. पहिली २००९ च्या लेनीपासून एपीटी हे इन्स्टॉल करणारं अवजार आपणहून आणतं, नको असेल तर सांगावं लागतं. दुसरी नुसती सुचवली जाते. आरपीएमने ४.१२ पासून अशाच कमकुवत डिपेंडन्सी घेतल्या. आर्चचा पॅकमॅन फक्त यादी छापतो. जेंटूत यूझ फ्लॅग लावून ज्याचं मशीन तोच ठरवतो.

पण यातलं काहीही या प्रकरणात कामाला आलं नसतं. डेबियनमध्ये रेकमेंड्स बंद केले असते तरी लिबएलझेडएमए आलीच असती, कारण ती ‘डिपेंड्स’मध्ये होती. आणि ती तिथे कोणा माणसाने लिहिली नव्हती. पॅकेज बांधताना एक अवजार बायनरीतल्या ‘नीडेड’ नोंदी वाचतं आणि डिपेंड्सची ओळ आपोआप भरतं. ते अवजार चुकत नाही. त्याच्या नजरेला दिसतं तेवढं ते लिहितं. बायनरीत ‘असली तर बरी’ असं लिहायची सोयच नव्हती. लिंक आहे म्हणजे लागते, लिंक नाही म्हणजे लागत नाही. निर्णय बांधणाऱ्याच्या मशीनवर बिल्डच्या क्षणी झाला, आणि वापरणाऱ्याच्या हाती पोचेपर्यंत त्यातला ऐच्छिकपणा पुसून गेला. या प्रकरणातून मला जे सांगायचं आहे ते इथे आहे: कोणती डिपेंडन्सी ऐच्छिक आहे एवढं विचारून भागत नाही. तिला ‘नको’ म्हणायचा अधिकार कोणत्या क्षणी आणि कोणाच्या हातात उरतो, हे विचारावं लागतं.

दुरुस्त्या दोन बाजूंनी झाल्या आणि दोन्ही वेगळ्या प्रकृतीच्या आहेत.

ओपनएसएसएचच्या बाजूने डिपेंडन्सीच काढून टाकली. १ जुलै २०२४ च्या ९.८ आवृत्तीत सिस्टिमडीला कळवण्याची सोय मूळ सोर्समध्येच आली, स्वतःच्या थोड्या ओळींत, लिबसिस्टिमडीशिवाय. डेबियनने त्याआधी एप्रिलमध्येच आपला पॅच त्या पद्धतीने बदलला होता. सिस्टिमडीच्या लोकांनीही एसडी-नोटिफायच्या मॅन पेजमध्ये सी आणि पायथनमधली स्वयंपूर्ण उदाहरणं घातली. उचला आणि वापरा. म्हणजे २०१४ पूर्वीची वाट पुन्हा मोकळी झाली.

मी आमच्या एका पायथन सेवेत हेच केलं. व्हेरिएबल वाचायचं, युनिक्स डेटाग्रॅम सॉकेट उघडायचं, पाठवायचं, बंद करायचं. एकच खाच आहे: पत्ता ‘@’ ने सुरू होत असेल तर तो ॲबस्ट्रॅक्ट सॉकेट असतो, आणि त्या पहिल्या अक्षराच्या जागी शून्य बाइट ठेवावी लागते. ही खाच धरून मोजून बारा ओळी झाल्या, आणि डिपेंड्समधून लिबसिस्टिमडीवरचं पायथन पॅकेज गेलं. सिस्टिमडीने या प्रोटोकॉलला स्थैर्याचं वचन दिलेलं आहे, म्हणूनच हे करायला मन धजलं. ज्याचं स्वरूप उद्या बदलेल ते असं हाताने लिहून ठेवणं म्हणजे पुढच्या माणसाच्या डोक्यावर ओझं. आणि डिकॉम्प्रेसर किंवा क्रिप्टो तर कोणी चुकूनही घरी लिहू नये. तिथे लायब्ररीच हवी.

जिथे लायब्ररी लागतेच, तिथली दुरुस्ती सिस्टिमडीच्या बाजूची. जून २०२४ मध्ये आलेल्या २५६ आवृत्तीत कॉम्प्रेशनच्या लायब्रऱ्या आणि लिबजीक्रिप्ट ही क्रिप्टोची लायब्ररी यांच्याशी थेट लिंक करणं थांबलं. गरज पडेल त्या क्षणी डीएलओपन या फंक्शनने ती उघडायची, सापडली नाही तर ‘ही सोय इथे नाही’ अशी चूक परत करायची. एलझेडएमएने दाबलेली नोंद समोर आली तरच लिबएलझेडएमए मेमरीत येणार. हे काम संकटानंतर सुचलेलं नव्हतं. जानेवारीच्या अखेरीस त्याची चर्चा झाली होती आणि २९ फेब्रुवारीला, म्हणजे स्फोटाच्या महिनाभर आधी, एलझेडएमएचा बदल प्रस्तावित झाला होता. वाट बंद होणार हे दिसल्यामुळे हल्लेखोराने घाई केली असावी असा तर्क काहींनी मांडला. तो तर्कच आहे, पण तारखा शेजारी ठेवल्या की डोळ्यांत भरतात.

डीएलओपनने निर्णय योग्य जागी नेला: ज्याचं मशीन, त्याच्या हातात, गरजेच्या क्षणी. पण त्याची किंमत लगेच दिसली. ‘नीडेड’ नोंद गेली म्हणजे एलडीडीत काही दिसत नाही, आणि डिपेंड्स आपोआप भरणारं ते अवजारही आंधळं होतं. पूर्वी नको ती लायब्ररी सक्तीने येत होती, आता हवी ती यायची राहून जाईल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. सुरक्षेच्या बाजूनेही ते बरं नाही. त्या मार्चमधल्या रात्री एलडीडीने मला निदान ती ओळ दाखवली तरी होती.

म्हणून त्याच २५६ आवृत्तीत एक साधी, पण मला मनापासून आवडलेली गोष्ट आली. ‘नोट-डीएलओपन’ नावाचा एक छोटा विभाग बायनरीतच ठेवायचा आणि त्यात जेसनमध्ये लिहायचं: सोयीचं नाव, ती काय करते, कोणती लायब्ररी लागेल, आणि प्राधान्य. प्राधान्याच्या तीनच किमती: आवश्यक, शिफारस, सूचना. डेबियनच्या डिपेंड्स, रेकमेंड्स, सजेस्ट्स यांच्याशी त्या थेट जुळतात. त्या नोंदी वाचून डेबियन पॅकेजच्या कंट्रोल फाइलमधल्या या ओळी भरणारं डेबहेल्परचं (पॅकेज बांधायच्या अवजारांच्या संचातलं) अवजारही तयार झालं. ‘असली तर बरी’ हे वाक्य बायनरीला प्रथमच लिहिता आलं, तेही ज्याला कोड माहीत आहे त्या लेखकाच्या हातून. बांधणाऱ्याला आता अंदाज बांधायचा नाही, फक्त वाचायचं आहे.

मात्र प्राधान्य काय लिहायचं हे माणसालाच ठरवावं लागतं, आणि माझ्या कामात खरी अडचण आता तिथे येते. इनिटआरडीचं उदाहरण घ्या. मशीन सुरू होताना डिस्क उघडण्यापूर्वी जी छोटी फाइल सिस्टिम मेमरीत चढते, ती बनवणारी अवजारं पूर्वापार ‘नीडेड’ची साखळी चालत जाऊन लायब्रऱ्या उचलतात. टीपीएम ही किल्ल्या जपून ठेवणारी चिप वापरून एनक्रिप्टेड डिस्क उघडणारा सिस्टिमडीचा प्रोग्रॅम लिबटीएसएस२ च्या लायब्रऱ्या डीएलओपननेच घेतो, आणि हे २५६ च्या बरंच आधीपासून तसं आहे. म्हणून ड्रॅकटसारख्या इनिटआरडी बनवणाऱ्या अवजारात त्या लायब्रऱ्यांची नावं हाताने लिहून ठेवावी लागली. एक नाव सुटलं की मशीन पासवर्ड विचारत थांबतं, आणि ते मशीन डेटा सेंटरमध्ये, तुमच्यापासून दीडशे किलोमीटरवर असतं. ज्याच्याकडे टीपीएमच नाही त्याला या लायब्रऱ्या ओझं, ज्याची डिस्क तिच्यावर अवलंबून आहे त्याला त्या आवश्यक. बायनरी तीच, नोंद तीच.

आमच्या पॅकेजांसाठी मी आता असं करतो: नोंदीत ‘सूचना’ असली तरी इनिटआरडी बनवताना त्या मशीनची क्रिप्टटॅब (एनक्रिप्टेड डिस्कांची यादी असलेली) फाइल वाचतो आणि तिथे टीपीएमचा उल्लेख असेल तर त्या लायब्रऱ्या सक्तीच्या धरतो. नसेल तर घेत नाही. स्क्रिप्ट चाळीसेक ओळींची आहे, दर कर्नल अपडेटला चालते, आणि कोणती लायब्ररी का घेतली किंवा का सोडली हे एका ओळीत लॉगमध्ये लिहून ठेवते.